अडवलेले तेवीस

“गेलेले नंतर. आधी अडवलेले सांग.”

काकूंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कोबेतल्या गणपतीत. मंडळाने भाड्याने घेतलेल्या सभागृहाच्या छोट्याशा स्वयंपाकघरात काकू मोदकांची उकड मळत होत्या आणि मी नारळ खवायच्या निमित्ताने माझं रडगाणं गात होतो. पुण्याहून येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. आमची नवी सिस्टिम क्लायंटकडे सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पाच ठिकाणी झोपली. सोमवारी अख्ख्या टीमने क्लायंटसमोर उभं राहून, कमरेत वाकून माफी मागायची होती.

“पाच गेले,” काकू म्हणाल्या. “आणि अडवले किती?”

“म्हणजे?”

“अरे, सुरू करायच्या आधी तुम्ही चुका शोधल्या असतील ना? चार महिने झोपा तर काढल्या नसतील. त्या किती?”

मी म्हणालो, असतील दोनशेच्या आसपास.

“मग त्या कोण सांगणार त्यांना? मी येऊ?” असं म्हणत त्यांनी कोपराने एक पेपर नॅपकिन माझ्याकडे सरकवला, कानामागची पेन्सिल हनुवटीने दाखवली आणि म्हणाल्या, “काढ ती. माझे हात भरलेत. लिही सगळ्या.”

सोमवारी मी ती यादी मीटिंगमध्ये ठेवली. क्लायंटच्या जपानी मॅनेजरांनी ती बराच वेळ वाचली, मग खुर्च्या मागवल्या. बोलणी खाल्लीच, पण बसून खाल्ली. त्या दिवसापासून मी काकूंचा झालो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. उंची पाच फुटांच्या आत, आवाज दहा फुटी. सांगलीची मुलगी, लग्न होऊन कोबेला आली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. काका मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मोती निवडायचं काम करायचे; मी आलो तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तोक्योत, बँकेत. साडी, त्यावर वाऱ्यापावसाचं जाकीट, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि कानामागे पेन्सिल, अशा वेशात काकू डोंगराकडच्या चढावरून खाली स्टेशनकडे निघाल्या की कुत्री फिरवणारी जपानी मंडळी बाजूला होऊन मान लववायची.

गल्लीत कचरा वेगळा करण्यावरून एकदा त्यांची पिशवी लाल चिठ्ठी लावून परत आली. दह्याचा डबा धुतलेला नव्हता म्हणे. काकू ती पिशवी घेऊन थेट गल्लीच्या प्रमुखांच्या दारात. “वर्षभरात शंभर पिशव्या बरोबर गेल्या, तेव्हा एकदा तरी निळी चिठ्ठी लावलीत का?” प्रमुख बिचारे सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी माफी मागितली. काकूंनी घरी येऊन डबा धुतला, तो मात्र निमूटपणे. आपली चूक त्या कधी नाकारत नसत, फक्त ती एकटी उभी केलेली त्यांना चालत नसे.

हे सगळं कुठून आलं ते मला पुढे कळलं, त्यांच्या घरी, मसाल्याच्या डब्यावरून.

मी जेवायला गेलो होतो. बोलता बोलता फुटबॉलचा विषय निघाला आणि काकूंनी ओट्यावरचा मसाल्याचा डबा टेबलावर आणून उपडा नाही, पण जवळजवळ तसाच केला. सगळ्या वाट्या बाहेर. मोहरी, जिरं, मेथ्या पुढे. तिखट आणि धने मधे. हळदीची वाटी एकटी मागे, गोलमध्ये.

“हे आजोबा,” हळदीवर बोट ठेवून काकू म्हणाल्या. “बाविसावं मिनिट. हा मोहरीवाला उजवीकडून आला. बघ आता.”

आणि त्यांनी एका शेंगदाण्याने मला एक अख्खा फुटबॉल सामना दाखवला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. ज्यांच्यात झाला त्यातला एक देश इतका छोटा, की तो नकाशावर शोधायला मला मोबाइलवर दोन बोटं फाकवावी लागली. देशाचं नाव मी सांगत नाही. काकू सांगू देत नसत. “नाव सांगितलं की लोक लगेच मोबाइल काढतात, दोन ओळी वाचतात आणि शहाणे होतात. सामना ऐक आधी.”

तर आजोबा. ते काकूंचे कोणी नव्हेत. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा ज्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं, त्याच्या खालच्या खोलीत एक उंच, हाडकुळे, पांढऱ्या केसांचे गोरे गृहस्थ राहायचे. वरचे पुढचे दोन दात नव्हते. बंदरात बोटींचे बॉयलर दुरुस्त करायचे. तरुणपणी बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम करत. युद्ध आलं, त्यांचा देश शेजारच्या मोठ्या देशाने गिळून टाकला, तेव्हा ते या बाजूला होते. परत जायला देश राहिला नाही, म्हणून कोबेत राहिले. त्यांच्या जपानी कार्डावर देशाच्या रकान्यात ‘देश नाही’ असं लिहिलेलं होतं.

नवी नवरी, भाषा येत नाही, नवरा दिवसभर मोत्यांत. खालचे आजोबाही एकटे. दोघांचं जपानी मोडकं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं बरोबर कळायचं. काकू त्यांना वरण-भात नेऊन द्यायच्या, ते काकूंना रॉकेलचा स्टोव्ह नीट करून द्यायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी: “मी आमच्या देशाकडून एकच सामना खेळलो. सात गोल खाल्ले.”

“म्हणजे ओळखच सातने!” काकू मला म्हणाल्या. “नाव नंतर. मला असा राग आला म्हणून सांगू. मी विचारलं, अडवले किती? त्यांना प्रश्नच कळेना. फुटबॉलमध्ये कोणी लिहीत नाही म्हणे तेव्हा. गेलेले तेवढे लिहितात.”

आता इथे काकूंची मूळची विद्या सांगायला हवी. सांगलीत त्यांच्या भावाचा क्रिकेटचा क्लब होता आणि त्याची स्कोअरबुकं शाळकरी वयापासून काकू लिहायच्या. झाडाखाली चटई टाकून, प्रत्येक चेंडूचा हिशेब. धाव नाही की विकेट नाही, असा साधा टिंबाचा चेंडूसुद्धा त्या सोडत नसत. आणि सामना संपला की खाली ‘स्कोअररची सही’ या चौकोनात सही करायचा तो भाऊ. मुलीची सही कशी चालेल! “लिहायची मी, सही त्याची. मी त्याला काही बोलले नाही तेव्हा. आता बोलले असते,” काकू म्हणायच्या.

तर काकूंनी आजोबांचा सामना लिहायला घेतला. फुटबॉल त्यांना ओ की ठो माहीत नव्हता. त्यांनी तो क्रिकेटसारखाच लिहिला. दहा मिनिटांचं एक षटक. गोल झाला की विकेट. गोलच्या दिशेने आलेला चेंडू अडवला की टिंब. सबंध दहा मिनिटांत गोल नाही तर मेडन. शेऱ्यांची भाषा मराठी, कारण विचार मराठीत. पद्धत अशी, की आजोबांनी सांगितलं की पेन्सिलने लिहायचं. महिन्या-दोन महिन्यांनी सहज म्हणून पुन्हा विचारायचं. तीन वेळा तेच सांगितलं तर त्यावर पेन. वेगळं सांगितलं तर खोडायचं. एका सामन्याला सहा वर्षं लागली.

सामन्याची गोष्ट साधी होती. टीम बोटीने समुद्रापलीकडे सामन्याला निघालेली. गोलकीपर एकच, कारण दुसरा न्यायला त्या देशाला परवडत नव्हतं. त्याला बोटीवर ताप भरला. तो उठेना. कोणीतरी म्हणालं, खाली भट्टीवर एक पोरगा आहे, बंदराच्या टीमकडून गोलमध्ये उभा राहतो. त्याला अंघोळ घालून वर आणला. आजारी माणसाचा स्वेटर घातला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंतच. अकरा जणांची नावं आधीच टपालाने गेलेली, तिकडे छापून झालेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तीच नावं उतरवून घेतली. झालं. सात गोल खाल्ले आजोबांनी आणि सामना खेळला भलताच, असं जगाच्या कागदावर राहिलं.

सहा वर्षांनी वही पुरी झाली तेव्हा काकूंनी टिंबं मोजली. तेवीस.

“मी आकडा कागदावर लिहून खाली त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितला, परत बघितला. मग मला म्हणाले, परत मोज. मी मोजले. तेवीसच. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले, मी वर निघून आले. मोठ्या माणसाला रडताना बघू नये,” काकू म्हणाल्या आणि वाट्या एकेक करून डब्यात ठेवायला लागल्या.

आजोबा गेले, तेव्हा त्यांचा देश अजून गिळलेलाच होता. आणखी दोन-तीन वर्षं काढली असती तर सुटलेला दिसला असता. डोंगरावरच्या परदेशी लोकांच्या कब्रस्तानात जागा मिळाली. दगड घडवणाऱ्याने विचारलं, नावाखाली देश कोणता लिहू? कागदावर तर काहीच नाही. काका म्हणाले, मोकळं ठेवू या. काकू म्हणाल्या, “मोकळं काय म्हणून? गोलकीपर लिहा.” तसं लिहिलंय. जपानी अक्षरांत, नावाखाली, गोलकीपर. मी पाहून आलोय. काकू दर वर्षी बादली आणि ओगराळं घेऊन तो दगड धुवायला जायच्या, मीही चार वेळा बादली उचललीय.

मग तो मोठा भूकंप आला. पहाटे. लाकडी घर एका बाजूला बसलं आणि गल्लीच्या टोकाला आग लागली. काका मुलाला घेऊन बाहेर पडले आणि काकू दोन मिनिटांनी. हातात वही. पासपोर्ट आत, मंगळसूत्र आत, पैशांचा डबा आत. काका जन्मभर ऐकवायचे, “माझी बायको जळत्या घरातून काय घेऊन आली? सात गोल!”

पण हसायच्या गोष्टीत एक काटा होता. आजोबांनी मरताना बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काकूंना दिला होता. त्यात सामन्यानंतरचा टीमचा फोटो होता, आजोबा सुजलेल्या ओठांनी, आखूड बाह्यांत उभे. तो डबा वहीच्या शेजारीच होता. काकूंनी अंधारात एकच वस्तू उचलली.

“फोटो गेला,” त्या म्हणायच्या. “तो मला अडवता आला नाही. तो माझ्या नावावर लिही.”

इथून माझी नोकरी सुरू होते. म्हणजे ऑफिसची नव्हे, काकूंची.

तो देश सुटला, त्याचा फुटबॉल पुन्हा उभा राहिला आणि तिथल्या लोकांनी जुन्या सामन्यांची यादी इंटरनेटवर लावली. ती यादी एक निवृत्त शिक्षक हौसेने सांभाळायचे. काकू त्यांना ‘मास्तर’ म्हणायच्या. मी ती काकूंना दाखवली, आमच्या जेवणाच्या टेबलावर. सामना होता. सात-शून्य होता. गोलकीपरच्या रकान्यात नाव त्या तापाने पडलेल्या माणसाचं होतं. तो पुढे त्यांचा मोठा नावाजलेला खेळाडू झाला होता.

काकूंनी चष्मा काढून पुसला. “पत्र लिही.”

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकू आमच्याकडे येऊ लागल्या. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायचो, मग त्या मला परत मराठीत वाचून दाखवायला लावायच्या.

“‘आम्ही आपणास नम्र विनंती करतो की...’”

“विनंती काढ.”

“अहो काकू, शिष्टाचार असतो.”

“विनंती कसली? त्यांची चूक झालीय, आपण दुरुस्ती सांगतोय. ‘नम्र’ राहू दे पाहिजे तर.”

मास्तर सभ्य माणूस. पहिलं उत्तर आलं, आभारी आहे, पण आमच्या सर्व छापील साधनांत दुसरं नाव आहे. काकू म्हणाल्या, “छापलंय तेच तर चुकलंय. चुकीचं दहा ठिकाणी छापलं म्हणून दहा पुरावे झाले का?” तेवढं लिहून, सोबत वहीच्या काही पानांचे फोटो जोडून पाठवलं. दुसरं उत्तर आलं, आपली वही आम्हाला न वाचता येणाऱ्या भाषेत आहे, सामन्यानंतर अनेक वर्षांनी लिहिलेली आहे आणि लिहिणारी व्यक्ती सामन्याला हजर नव्हती.

“मी नव्हते,” काकू टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “पण तो होता ना!” कोबेतच जन्मलेली माझी छोटी मुलगी आतून धावत आली आणि जपानीत विचारू लागली, आजी का ओरडतेय? काकूंनी तिला मांडीवर घेतलं आणि त्याच दमात मला म्हणाल्या, “वही इंग्रजीत कर. सगळी. एक टिंब सुटता कामा नये.”

मला तीन महिने लागले. दिवसा दुसऱ्यांचा डेटा साफ करायचा आणि शनिवार-रविवारी काकूंचा. तीस ओळी. सात विकेटी, तेवीस टिंबं, प्रत्येकापुढे शेरा. ‘डावीकडून, उंच, दोन्ही हातांनी.’ ‘घसरून, पायाने.’ एकसष्टाव्या मिनिटापुढे शेरा होता: ‘चेंडू तोंडावर. वरचे दोन दात पडले. रुमाल बांधून उभे. टिंब.’

या ओळीवर मास्तर अडकले. त्यांचं लांबलचक पत्र आलं. समोरच्या देशातल्या एका जुन्या वर्तमानपत्रात एक ओळ त्यांनी फार पूर्वी वाचली होती, की पाहुण्यांच्या गोलकीपरला तोंडावर मार बसला, तरी त्याने मैदान सोडायला नकार दिला. मास्तरांना ती बातमीदाराची मसालेदार भर वाटली होती, कारण त्यांच्या नावाजलेल्या गोलकीपरच्या पुढच्या काळातल्या सगळ्या फोटोंत बत्तीशी शाबूत होती. आता त्यांना काय म्हणावं कळत नव्हतं. ते एक करू शकत होते. रकान्यात जुनं नाव तसंच ठेवून त्याच्या शेजारी तळटिपेच्या खुणेची बारीक फुली घालायची आणि खाली तळटीप: ‘काही जणांच्या मते या सामन्यात दुसरा गोलकीपर खेळला.’

मी आनंदाने उडीच मारली. जिंकलो की!

काकू म्हणाल्या, “नको.”

“काकू, अहो, इतक्या वर्षांनी...”

“काही जणांच्या मते? ते दात काही जणांच्या मते पडले? नको म्हणून कळव.”

मला खरंच राग आला. तोवर काकूंची तब्येत ढासळायला लागली होती, चढ चढताना त्या दोनदा थांबायच्या. मी त्यांच्या मुलाला फोन लावला, समजावा म्हणून. स्पीकरवर त्याने जपानीत सुरुवात केली, “मो ईई देशो, आई.” म्हणजे आता पुरे ना.

“मराठीत बोल,” काकू म्हणाल्या. “मराठीत बोलायला लागलास की तुझी तुलाच लाज वाटेल.”

तो मराठीत बोलला. अडखळत म्हणाला, “आई, त्या आजोबांना जगात कोणी ओळखत नाही. तळटीप तरी घे. नाहीतर काहीच राहणार नाही. तू गेल्यावर कोण भांडणार?”

“हा आहे,” काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. खाली पट्टीने आखलेला चौकोन होता. ‘स्कोअररची सही.’ रिकामा. वही इंग्रजीत करतानाही मी तिसाव्या ओळीशी थांबलो होतो, ते पान उलटून पाहिलंच नव्हतं.

“दोन्ही बाजूंचे स्कोअरर असतात,” काकू म्हणाल्या. “सामना संपला की दोघांनी वह्या शेजारी ठेवायच्या, जुळवायच्या. जुळल्या तर सही. जुळल्या नाहीत तर घरी जायचं नाही, चूक सापडेपर्यंत तिथेच बसायचं. मी बसलेय. त्यांची वही म्हणते तो होता, माझी म्हणते हा होता. तळटीप घालून वह्या जुळत नाहीत रे.”

काकूंनी कानामागची पेन्सिल काढली, टेबलावर उभी आपटली आणि म्हणाल्या, “लिही मास्तरांना. म्हणावं, त्या नावाजलेल्या गोलकीपरच्या घरी जा. त्याच्या नावावर सात गोल लागलेत, न खाल्लेले. कुठला गोलकीपर दुसऱ्याचे सात गोल आपल्या नावावर राहू देईल? तो जिवंत असताना नक्की भांडला असणार. त्याच्या घरच्यांना विचारा.”

इतकी सरळ गोष्ट. ना मास्तरांना सुचली, ना डेटा साफ करण्याचा पगार घेणाऱ्या मला.

चार महिने उत्तर नाही. हिवाळ्यात काकूंना हॉस्पिटलात ठेवलं, हृदय थकलं होतं. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत जायचो. नर्सने गोळ्यांचा तक्ता लावला होता, त्यात काकूंनी स्वतःची टिंबं घालायला सुरुवात केली होती. त्रास न होता गेलेला तास म्हणजे टिंब. “कालचा दिवस बघ,” मला म्हणायच्या, “चार मेडन.”

फेब्रुवारीत पत्र आलं. मास्तर स्वतः जाऊन आले होते. त्या गोलकीपरची नात भेटली आणि तिला हसूच आवरेना. आजोबा मरेपर्यंत कटकट करायचे म्हणे, की मी तर त्या दिवशी बोटीवर तापाने फणफणलो होतो, ते सात माझे नव्हेत! वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं. कोणी छापलं नाही. त्या पत्राचा त्यांच्याच हातचा कच्चा खर्डा नातीने पेटीतून काढून दिला. त्यात शेवटी लिहिलं होतं, की त्या पोराचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कळलं तर त्याला माझा नमस्कार सांगा.

मास्तरांनी यादी दुरुस्तही केली होती. ती टॅबलेटवर उघडून मी हॉस्पिटलात पळत गेलो. तुम्हाला वाटेल काकू रडल्या असतील. छे.

“मोठं कर,” त्या म्हणाल्या. मी अक्षरं मोठी केली. बोट ठेवून त्यांनी ओळ वाचली. तारीख. समोरचा देश. गोलकीपर. तिथे थांबल्या. नाव दोनदा वाचलं. मग पुढे.

“सात आहेत ना? दया म्हणून कमी नाही ना केले कुणी?”

“नाही काकू. सातच आहेत.”

“फुली?”

“नाही.”

“खाली बघ. अगदी शेवटपर्यंत जा.”

मी शेवटपर्यंत गेलो. तळटीप नव्हती.

“त्यांनी नमस्कार सांगितलाय, तो डोंगरावर जाऊन पोचवायचा,” काकू म्हणाल्या. “माझ्याच्याने आता चढ होणार नाही. तू जा. आणि वही काढ त्या कपाटातून.”

मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली आणि सवयीने पेन्सिल पुढे केली.

“पेन दे रे.”

पेन धरायला त्यांना वेळ लागला. चौकोनाच्या बाहेर थोडी गेली सही, पण पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या नावासकट. पानावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, “पहिलीच आहे माझी.” मग मला जेवलास का विचारलं. मी जेवलो नव्हतो, म्हणून ओरडल्या.

मार्चमध्ये काकू गेल्या. मुलगा तोक्योहून आला होता. तो माझ्या गळ्यात पडून रडला आणि मराठीत रडला. वही त्याने माझ्याकडे दिली. ‘हा आहे’ म्हणाल्या होत्या ना, म्हणून.

मी डोंगरावर गेलो. बादली भरली, दगड धुतला आणि एका गोलकीपरचा नमस्कार दुसऱ्याला मोठ्याने सांगितला. कोणत्या भाषेत सांगावा कळेना, म्हणून मराठीत सांगितला. त्यांना काकूंकडून ऐकायची सवय होती.

परवा मास्तरांनी आजोबांच्या नावाचं वेगळं पान केलं. तेवीस टिंबांचा तक्ता आहे त्यावर, सगळा, शेऱ्यांसकट. छान केलंय. मी खाली खाली वाचत गेलो. अगदी शेवटी बारीक अक्षरांत होतं: ‘माहिती: खेळाडूच्या कोबेतील एका शेजारणीकडून.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारीण? एक शेजारीण?

मी लगेच लिहायला बसलो. सवयीने पहिली ओळ लिहिली, ‘आम्ही आपणास नम्र विनंती करतो की’. मग विनंती काढली. लिहिलं, की तुमची चूक झाली आहे. त्या शेजारीण नव्हत्या, त्या या सामन्याच्या स्कोअरर होत्या. दोन्ही वह्या जुळल्यावर त्यांनी सही केली आहे. सोबत त्या पानाचा फोटो. दुरुस्त करा. तळटीप चालणार नाही.

मास्तर माझ्यापेक्षा भला माणूस. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती बारीक ओळ काढली आणि वर, सामन्याच्या रकान्यांतच, एक नवा रकाना घातला. संपूर्ण यादीत तो एवढ्या एकाच सामन्याला आहे. रकान्याचं नाव ‘स्कोअरर’. आणि त्यात काकूंचं नाव आहे, पूर्ण, माहेरच्या नावासकट.

ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. जिथे असायला हवं तिथे ते आता आहे.